अंगावरचे लोखंड, अंगातले लोखंड

गळीत हंगामाची धामधूम आटोपली, शेवटच्या गाड्या अड्ड्यावरून हलल्या, की आपल्या भागातला शेतकरी इतके दिवस दाबून ठेवलेल्या दुखण्यांकडे वळतो. कुणाची कंबर धरलेली असते, कुणाच्या गुडघ्याला सूज असते, कुणाला मानेपासून बोटांपर्यंत मुंग्या येत असतात. ‘हंगाम सरू दे, मग बघू’ म्हणून पुढे ढकललेले सारे उन्हाळ्यात एकदम वर येते. पूर्वी अशा दुखण्याला एक्स-रे काढत आणि पट्टा बांधून घरी पाठवत. आता डॉक्टर चिठ्ठीवर तीन अक्षरे लिहून देतात : एमआरआय. ती चिठ्ठी हातात पडली की घरातली निम्मी माणसे घाबरतात आणि उरलेली निम्मी पैशाचा हिशेब करू लागतात. तयारी काय करायची, हे मात्र कुणी विचारत नाही.

या अंकात आम्ही तेवढ्यावरच लिहिणार आहोत. रोग कोणता आणि उपचार कोणता, हे डॉक्टरांचे काम. त्यात आम्ही पडत नाही. परंतु त्या खोलीत पाऊल टाकण्याअगोदर रुग्णाने आणि त्याच्या सोबत्याने काय सांगायचे, काय काढून ठेवायचे, हे ज्याचे त्यालाच करावे लागते. तुमच्या अंगात काय आहे, हे तुमच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते.

यंत्राची ओळख आधी करून घेऊ. आपल्या कारखान्याचे गाळप पाहायला आलेल्या सभासदांनी उसाच्या कॅरियरवर बसवलेले मोठे लोहचुंबक पाहिले असेल. मोळीत चुकून राहिलेला कोयता, ट्रॉलीचा निखळलेला बोल्ट, साखळीची कडी, असले काही मिलमध्ये गेले तर रोलरचे नुकसान होते आणि गाळप थांबते. म्हणून चुंबक ते वाटेतच उचलून घेते. वीज बंद केली, की चिकटलेले लोखंड खाली पडते.

एमआरआयचे यंत्र म्हणजे मुळात असेच एक लोहचुंबक आहे. माणसाला आडवे होऊन आत सरकता येईल अशा पोकळ नळकांड्यासारखा त्याचा आकार. फरक दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे त्याची ताकद. साधारणपणे रुग्णालयांत असते ते यंत्र दीड टेस्लाचे, काही ठिकाणी तीन टेस्लाचे. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. होकायंत्राची सुई ज्या ओढीने उत्तरेकडे वळते, त्याच्या तीस हजार पट! दुसरा फरक ह्याहून महत्त्वाचा. हे चुंबक बंद होत नाही. आतली तार नायोबियम आणि टायटॅनियम ह्या धातूंच्या मिश्रणाची असून ती द्रवरूप हेलियमने शून्याखाली सुमारे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवलेली असते. इतक्या थंडीत तारेचा विजेला होणारा विरोधच नाहीसा होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह आपोआप फिरत राहतो. म्हणजे रात्री दवाखान्याला कुलूप असले तरी चुंबक चालू, रविवारी चालू, लाईट गेली तरी चालू. फारच बाका प्रसंग आला, तर हेलियम बाहेर सोडून ते विझवता येते. पण त्याला थोडा वेळ लागतो आणि खर्चही मोठा येतो. बटण दाबले आणि बंद झाले, असा प्रकार तिथे नाही.

एवढे जबर चुंबक कशासाठी, असे कुणी विचारील. उसात जसे सुमारे सत्तर टक्के पाणीच असते, तसे माणसाच्या अंगातही निम्म्याहून जास्त पाणी असते. पाण्यात हायड्रोजन असतो आणि त्याचा कण न् कण स्वतःच बारीकसे चुंबक असतो. मोठ्या चुंबकात शिरल्यावर त्यातले थोडे जास्त कण एका बाजूला वळतात. मग यंत्र रेडिओच्या लहरी सोडते. दीड टेस्लाला त्यांची कंपने सेकंदाला सुमारे ६.४ कोटी होतात, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या जरा अलीकडची. कण त्या लहरींनी डळमळतात आणि पूर्वस्थितीला येताना स्वतःच बारीक लहर परत देतात. मज्जेतले पाणी वेगळ्या गतीने सावरते, चरबीतला हायड्रोजन वेगळ्या, सुजेतले पाणी आणखी वेगळ्या. ह्या फरकातून चित्र तयार होते. ह्यात एक्स-रेचे किरण नाहीत, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आत करंट देतात’ ह्या समजापायी परत फिरलेली माणसे आम्हाला ठाऊक आहेत.

ही विद्या फार जुनी नाही. अणूंच्या चुंबकत्वाचा हा गुण ब्लॉक आणि पर्सेल ह्यांच्या प्रयोगांनी १९४६ मध्ये सिद्ध झाला. माणसाच्या शरीराचे पहिले चित्र डॉ. रेमंड डॅमेडियन ह्यांनी ३ जुलै १९७७ रोजी न्यूयॉर्कला घेतले. त्याला पावणेपाच तास लागले म्हणतात. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड ह्यांना ह्या शोधाबद्दल २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या दिवसांत नावात ‘न्यूक्लिअर’ हा शब्द होता. लोक अणुबाँबच्या धास्तीने बिचकू लागले, म्हणून तो गाळला. नाव बदलून भीती कमी होते हे खरे, पण खरी काळजी घ्यायची ती भलतीकडेच आहे.

२०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात घडलेली गोष्ट वर्तमानपत्रांतून आली होती. नात्यातल्या वृद्ध बाईंना तपासणीसाठी नेताना एक बत्तीस वर्षांचा तरुण प्राणवायूचे लोखंडी नळकांडे हातात घेऊन त्या खोलीत गेला. मशीन बंद आहे, असे त्याला सांगण्यात आल्याचे नातेवाइकांचे म्हणणे होते. मशीन बंद नव्हते. ते बंद असतच नाही. चुंबकाने नळकांड्यासकट त्याला ओढून घेतले आणि त्यात तो गेला. रुग्ण तो नव्हता, हे ध्यानात घ्यावे. तो मदतीला आलेला होता.

तशीच दुसरी गोष्ट २०२५ च्या जुलैची, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडची. पत्नीची तपासणी संपल्यावर तिला उठवायला म्हणून नवरा आत गेला. त्याच्या गळ्यात व्यायामासाठी वापरायची सुमारे नऊ किलोची लोखंडी साखळी होती. तो यंत्राकडे खेचला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. त्याच न्यूयॉर्क राज्यात २००१ साली सहा वर्षांच्या एका मुलाचा बळी अशाच प्राणवायूच्या नळकांड्याने घेतला होता. जगात रोज हजारो माणसे ह्या यंत्रातून सुखरूप बाहेर येतात. परंतु जे अपघात झाले, त्यांतल्या पुष्कळांच्या मुळाशी बाहेरून आत गेलेले लोखंड आहे, आणि ते नेणारा पुष्कळदा घाईतला, मायेतला, मदत करणारा माणूस आहे.

आता अंगावरचे लोखंड. आपल्याकडचा माणूस अंगावर किती धातू बाळगतो ह्याचा हिशेब एकदा घरी बसून करावा. बाप्यांचे पाहा. कमरेला करदोटा, त्यात चांदीची पेटी किंवा किल्ली. गळ्यात ताईत. तो तांब्याचा, पण आतली पट्टी कशाची ते देणाऱ्यालाच ठाऊक. बोटात घोड्याच्या नालेची अंगठी. ती तर निव्वळ लोखंड. कानात भिकबाळी. खिशात ट्रॅक्टरची किल्ली, चुन्याची डबी, चंचीत अडकित्ता. नाणीही विसरू नयेत. आपली अलीकडची रुपया-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची आहेत. घरातल्या चुंबकावर करून पाहा. एटीएमचे कार्ड आणि मोबाईल आत नेले तर त्यांचेही काम आटोपते. म्हाताऱ्या माणसांच्या काठीला खाली लोखंडी टोपी असते, ती काठीही दाराबाहेरच ठेवायची.

बायकांचे जास्त अवघड. सोने आणि चांदी चुंबकाला चिकटत नाहीत, हे बरोबर. परंतु रेडिओलहरींनी धातू तापू शकतो, शिवाय जवळचा धातू चित्र बिघडवतो. म्हणून डोरले, जोडवी, पैंजण, चमकी, कानातली फुले, पाटल्या, सारे काढायचे. केसांतले आकडे आणि पदराच्या-ब्लाऊजच्या सेफ्टी पिना हमखास राहून जातात, आणि त्या पोलादाच्या असतात. जरीच्या काठाचे लुगडे नेसून जाऊ नये. जरीतही धातू असतो. तिथे दवाखान्याचा झगा देतात, तो घालावा. ‘आमची सुती साडी आहे, असू द्या की’ असा आग्रह धरू नये. त्याच कारणाने तरुण पोरांच्या काही खेळाच्या बनियनी-चड्ड्याही चालत नाहीत. घाम शोषणाऱ्या कापडात कधीकधी धातूचे धागे विणलेले असतात.

डोरल्याचा प्रश्न नाजूक आहे, आम्हाला कल्पना आहे. शेजारच्या गावच्या एक आजी नंबर लागलेला असताना अडून बसल्या, की मालक जिवंत असताना डोरले उतरवायचे नाही. तिथली तंत्रज्ञ मुलगी शहाणी. ती म्हणाली, “आजी, माझ्या आईनंबी असंच केलं होतं. हळकुंड दोऱ्यात बांधून देते, ते गळ्यात राहू द्या, अन् डोरलं आजोबांच्या हातात द्या.” आजोबा बाहेर बाकावर मूठ घट्ट आवळून अर्धा तास बसले होते. ही युक्ती घरूनच करून जावी. पिवळा दोरा आणि हळकुंड पिशवीत टाकायला कितीसे ओझे होते? जोडवी रुतून बसली असतील तर आदल्या दिवशी साबणाच्या पाण्याने काढून ठेवावीत. निघतच नसतील तर तसे सांगावे; काय करायचे ते ती माणसे ठरवतात.

दागिने घरीच ठेवून जाणे सर्वांत चांगले. कपाटे सगळीकडे कुलपाची असतातच असे नाही.

काजळ, सुरमा, चेहऱ्याची रंगरंगोटी धुवून जावी. अंगावर गोंदण असेल तर सांगावे. काही शाईंत लोहाचा अंश असतो आणि ती जागा तापल्यासारखी वाटू शकते. त्यासाठी तपासणी सहसा नाकारत नाहीत, पण चटका जाणवला तर लगेच खूण करावी. दुखण्यावर किंवा सिगारेट सोडण्यासाठी लावलेल्या औषधी पट्टीच्या पाठीला काही वेळा धातूचा पातळ पापुद्रा असतो, त्याने भाजल्याची उदाहरणे आहेत. तीही दाखवावी. कवळी आणि श्रवणयंत्र काढून सोबत्याजवळ द्यावे. श्रवणयंत्र काढल्यावर सूचना ऐकू येणार नाहीत, तेव्हा खुणा आधीच ठरवून घ्याव्यात.

अंगावरचे दिसते तरी. अंगातले दिसत नाही, आणि माणूस ते विसरतो.

वीस वर्षांपूर्वी ट्रॉली उलटून मांडीत सळी घातली, ती आता अंगाचाच भाग झालेली असते. विचारले तर पटकन ‘काही नाही’ म्हणून माणूस मोकळा होतो. आता सळी, प्लेट, स्क्रू हे बहुतेक टायटॅनियमचे किंवा चुंबकाला न चिकटणाऱ्या पोलादाचे असतात आणि त्यांच्यासह तपासणी सहसा करता येते. पोलाद सगळे सारखे नसते. घरात चांगल्या स्टीलच्या ताटाला चुंबक लावा आणि स्वस्तातल्या चमच्याला लावा, म्हणजे फरक कळेल. पण म्हणून मांडीवर चुंबक फिरवून स्वतःच निकाल देऊ नये. सळी केव्हा बसवली, कुठे बसवली, तिचा कागद आहे का, हे सांगावे. सळीच्या आसपासचे चित्र काळेभोर येते, म्हणून तीच जागा पाहायची असेल तर डॉक्टर दुसरी तपासणी सुचवू शकतात. मग पैसे आधीच वाचले.

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवलेला असेल, तर बहुतेकांना अडचण येत नाही. कार्ड मात्र न्यावे. पेसमेकरची गोष्ट निराळी. जुना पेसमेकर चुंबकात बिघडू शकतो, त्याची तार तापू शकते. एमआरआय चालेल असे बनवलेला पेसमेकर अमेरिकेत २०११ साली पहिल्यांदा मंजूर झाला, आणि आता तसे आपल्याकडेही बसवतात. पण तोही तपासणीआधी यंत्राने वेगळ्या पद्धतीवर लावावा लागतो आणि नंतर पूर्ववत करावा लागतो. त्यामुळे पेसमेकर असलेल्याने ज्या हृदयरोगतज्ज्ञाने तो बसवला, त्याचा कागद घेतल्याशिवाय एमआरआयची तारीखच घेऊ नये. मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुगवट्यावर बसवलेली चिमटी, कानाच्या आत बसवलेले ऐकण्याचे यंत्र, मज्जातंतूला विजेचे झटके देणारे यंत्र, इन्सुलिनचा पंप, हे सारे याच यादीतले. जुन्या काळच्या काही चिमट्या चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाच्या होत्या आणि मेंदूत त्या हलणे म्हणजे काय, ते सांगायला नको. शेतराखणीच्या बंदुकीचा छर्रा कधी अंगात राहिला असेल तर तेही न लाजता सांगावे. पोलीस विचारायला येत नाहीत.

बायाबापड्यांची एक अडचण सासऱ्यासमोर, दिरासमोर बोलता येत नाही. तांबी बसवलेली आहे का, पाळी चुकली आहे का, अंगावर पाजते का, हे प्रश्न फॉर्मवर असतात. तांबीने सहसा तपासणी अडत नाही. दिवस गेलेले असतील तर डॉक्टर विचार करून ठरवतात, आणि नसेतून द्यायचे औषध अशा वेळी शक्यतो टाळतात. म्हणून सोबत बाईमाणूस असावे, आणि फॉर्म भरताना पुरुषांनी जरा बाजूला चहाला जावे. हे फॉर्म बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत असतात आणि घाईत ‘इथं सही करा, काका’ म्हणून पुढे सारले जातात. ही पद्धत आम्हाला पसंत नाही. न वाचता सही करू नका. प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून मागा. तो तुमचा हक्क आहे आणि त्या माणसांचीही त्यात सोयच आहे.

आता डोळ्याविषयी, आणि हे आमच्या वर्कशॉपमधल्या, वेल्डिंग-ग्राइंडिंग करणाऱ्या, कोयत्याला धार लावणाऱ्या प्रत्येकाने दोनदा वाचावे. १९८६ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका रुग्णाची हकीकत छापून आली. पत्र्याच्या कामात कधी काळी त्याच्या डोळ्यात लोखंडाचा बारीक तुकडा शिरला होता. त्याचा त्रास नव्हता, त्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. एमआरआयच्या चुंबकात तो तुकडा हलला, आतल्या आत रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. तो दीड टेस्लाच्या मानाने पुष्कळ कमजोर चुंबक होता. तेव्हापासून धातूचे काम केलेल्या माणसाला डोळ्याविषयी मुद्दाम विचारण्याची आणि शंका आली तर आधी डोळ्याचा साधा एक्स-रे काढण्याची पद्धत पडली.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची सारी हयात ग्राइंडरवर गेली. मानेच्या एमआरआयला गेले तेव्हा ह्या प्रश्नावर ‘नाही’ म्हणून मोकळे झाले. सोबत सून होती.

“मामा, त्या सालाला डोळ्याच्या डॉक्टरनी कीस काढला नव्हता का तुमच्या?”

“अगं, तो काढला की. आता कुठं हाय?”

“सगळा काढला का थोडा, कुणाला माहीत? सांगा त्यांना.”

सांगितले. एक्स-रे काढला, डोळ्यात काही निघाले नाही, तासाभराने तपासणी झाली. गृहस्थ बाहेर येऊन म्हणाले, “उगा तास घालवला पोरीनं.” आमच्या मते तो तास फार चांगला गेला.

उपाशी राहण्याबद्दल लोकांत फार गोंधळ आहे. डोके, मणका, गुडघा, खांदा ह्यांच्या तपासणीला सहसा उपाशी राहावे लागत नाही. पोटाची, पित्तनलिकेची तपासणी असेल तर चार ते सहा तास पोट रिकामे ठेवायला सांगतात. भूल किंवा गुंगी द्यायची असेल तर उपाशी राहणे सक्तीचेच. केंद्रावर फोन करून विचारावे, कारण साखरेच्या रुग्णाने विनाकारण उपाशी जाऊन बाकावर चक्कर येऊन पडणे हे आम्ही पाहिले आहे. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या कशा घ्यायच्या हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे. स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

काही तपासण्यांत मध्येच नसेतून औषध देतात. त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो आणि तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. मूत्रपिंड अधू असेल, डायलिसिस चालू असेल तर हे आधीच सांगितले पाहिजे. अशा रुग्णांत काही जुन्या औषधांनी कातडी आणि सांधे कडक होण्याचा गंभीर आजार झालेला आहे. रक्तातल्या क्रिएटिनिनचा अलीकडचा रिपोर्ट पिशवीत असू द्यावा. पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील तर तेही बोलावे.

मग प्रत्यक्ष आत गेल्यावर. नळकांड्याचे तोंड साठ ते सत्तर सेंटिमीटर रुंद असते. आपल्या विहिरीत उतरणाऱ्या, टाकीत शिरणाऱ्या गड्यांनाही तिथे कोंडल्यासारखे होते, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आत सरकवण्याच्या आधीच डोळे मिटावेत आणि बाहेर येईपर्यंत उघडू नयेत. डोळ्यांवर रुमाल मागितला तर देतात. गुडघ्याच्या तपासणीत पाय आधी जातात, डोके बहुधा बाहेरच राहते. हातात रबरी फुगा देतात, तो दाबला की माणूस धावून येतो. फारच भीती वाटणाऱ्याने हे आदल्या दिवशी डॉक्टरांना सांगावे, म्हणजे गुंगीची सोय करता येते. टेबलावरून उठून पळून येण्यात पैसे, वेळ आणि नंबर तिन्ही जातात.

आवाज मोठा. कुणी पत्र्यावर हातोडा मारावा तसा, मध्येच थांबतो, पुन्हा वेगळ्या चालीवर सुरू होतो. चुंबकाच्या आतल्या दुसऱ्या वेटोळ्यांत वीज झपाझप चालू-बंद होते आणि ती वेटोळी थरथरतात, त्याचा तो ठोका. कानात बोळे किंवा कानावर टोप्या देतात, त्या नीट बसवून घ्याव्यात. मिलहाउसमध्ये तीस वर्षे काढलेल्यांनी ‘मला सवय आहे’ म्हणून त्या परत करू नयेत.

वेळ वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत, कधी जास्त. तेवढा वेळ हलायचे नाही. हलले तर चित्र फिसकटते आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून लघवीला आधीच जाऊन यावे. कंबरदुखीने उताणे झोपवत नसेल तर डॉक्टरांना विचारून अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक गोळी घ्यावी. हे साधे आहे, पण कुणी सांगत नाही, आणि कळवळणारा माणूस मिनिटागणिक हलत राहतो. खोकला असेल, आडवे झाल्यावर धाप लागत असेल, तर तेही बोलावे.

आणखी एक. आत गेल्यावर घाबरून माणसे छातीवर हात जोडतात. देवाचे नाव मनात घ्या, हात मात्र जोडू नका आणि पायावर पाय टाकू नका. हाताला हात लागला की शरीराचे एक बंद कडे होते, रेडिओलहरींनी त्यात प्रवाह फिरतो आणि जिथे कातडीला कातडी टेकलेली असते तिथे भाजू शकते. तंत्रज्ञ मध्ये गादीचे तुकडे ठेवतात, ते ह्यासाठीच. ते काढून टाकू नयेत.

खर्चाबद्दल थोडक्यात. दर ठिकठिकाणी वेगळे असतात. दोन-तीन ठिकाणी विचारून जावे. रुग्ण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात उपचार घेणार असेल, तर पैसे भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठून ही तपासणी योजनेत बसते का ते विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ असावे. आणि कंबर दुखली की स्वतःच हट्ट धरून एमआरआय काढण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याविषयी एकच गोष्ट सांगतो. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढून पाहिले, तर निम्म्याहून अधिकांच्या मणक्यांतल्या गाद्या कुठेतरी फुगलेल्या निघाल्या. तेव्हा रिपोर्टात ‘गादी सरकली’ असे वाचून लगेच पलंग धरण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी हात-पाय तपासून, काय शोधायचे ते ठरवून चिठ्ठी दिली असेल, तर तपासणीचा उपयोग होतो. ती चिठ्ठी आणि जुन्या फिल्मी सोबत न्याव्यात. आधीचे आणि आताचे शेजारी ठेवून पाहिले, तरच वाढले की कमी झाले ते कळते.

परत येताना फिल्म, सीडी आणि लेखी रिपोर्ट तिन्ही मागून घ्यावेत. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार असेल तर तारीख लिहून घ्यावी. आणि पुढच्या वेळेसाठी एक काम घरीच करता येते. घरात ज्या ज्या माणसाच्या अंगात सळी, स्प्रिंग, पेसमेकर किंवा दुसरे काही बसवलेले आहे, त्याचे कार्ड, डिस्चार्जचा कागद, त्यावर चिकटवलेली कंपनीची चिठ्ठी, हे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, वर त्या माणसाचे नाव आणि साल लिहावे, आणि कारखान्याचे शेअर सर्टिफिकेट व सात-बारा ज्या ट्रंकेत ठेवता, त्याच ट्रंकेत ती पिशवी ठेवावी. कुठे ठेवली हे सुनेला आणि नातवालाही सांगून ठेवावे.